कूलर कुठी ठेवाव?

गेल्या नवतप्यात यवतमाळच्या एका घरी गेलो होतो. चार वर्षांपूर्वी आम्हीच नवं रूप दिलेलं घर. वास्तुशांतीला आलेले पाहुणे मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेले होते, असं ते काम. दुपारचे तीन वाजलेले. पश्चिमेच्या अख्ख्या काचेवर बाहेरून हिरवी नेट बांधलेली, आतून जाड पडदे ओढलेले आणि भर उन्हाळ्यात हॉलमध्ये ट्यूबलाइट सुरू. कूलर दारात, स्टँडवर. त्यामुळे दार लागेना. निवृत्त गुरुजी पाण्याचा गिलास पुढे करत म्हणाले, "साहेब, सारं चांगलं केलं तुमी. पण कूलर कुठी ठेवाव, थे सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पश्चिमेला पूर्वी कवेलूंची ओसरी होती. ती हॉलमध्ये घ्या, जागा वाढेल, हा सल्ला आमचाच. नकाशावर ओसरी चार फुटांची पट्टी दिसते. ती भिंतीवर पाडत असलेली सावली दिसत नाही. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा एकेरी काचेतून सुमारे अडीच ते तीनपट उष्णता आत येते, आणि थेट ऊन येतं ते वेगळंच. २०१८ च्या इको निवास संहितेने छत वगळता घराच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा सुचवली आहे. आपल्यापैकी किती जणांनी हा हिशेब एकदा तरी मांडून पाहिला?

आपल्याकडचा कूलर कोरड्या हवेवर चालतो. त्याने आत ढकललेली हवा बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर खोली गार न होता दमट होते. आपण 'उद्या एसी बसेल' म्हणून खिडक्या फिक्स करतो, झरोके फॉल्स सीलिंगमागे बुजवतो. एसी एका बेडरूममध्ये बसतो. बाकीचं घर दोन महिने घामाघूम असतं.

दुसरा पश्चात्ताप जमिनीतून येतो. भारी काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आपल्याला मात्र आठवण करून द्यावी लागते. भिंतीला चिकटून लॉन लावायचं, त्याला रोज पाणी द्यायचं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली की मिस्त्रीला बोल लावायचा! जुन्या घराला नवी खोली घट्ट जोडली, तर सांधा उकलणारच. तिथे सांधा मोकळा ठेवणं, पाणी प्लिंथपासून दूर नेणं आणि माती खोलवर काळी असेल तर किमान साडेतीन मीटर खोलीचे अंडर-रीम्ड पाइल घेणं, हे काही नवं शास्त्र नाही. पण हा खर्च फोटोत दिसत नाही, म्हणून आपण तो सुचवायला कचरतो.

पाण्याचंही तेच. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हा सारं यवतमाळ टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होतं. तरीही आपण तिसरं बाथरूम काढतो आणि जमिनीखालची टाकी 'पुढे बघू' म्हणून सोडतो.

'गिऱ्हाईकच मागतं, आम्ही काय करणार?' हे उत्तर मीही दिलेलं आहे. पण स्लॅबमध्ये किती मिलिमीटरची सळई घालायची, हे आपण गिऱ्हाइकाला विचारतो का? मग काचेच्या बाबतीतच त्याचा शब्द शेवटचा कसा? त्याने फोटो दाखवावा, हा त्याचा हक्क. त्या फोटोची मे महिन्यातली किंमत सही घेण्याआधी सांगणं, हे आपलं काम. आपण घर दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या मुहूर्तावर सोपवतो, शेवटचं बिल घेतो आणि परत फिरकत नाही. घराची खरी परीक्षा होते तेव्हा आपण हजर नसतो.

गुरुजींच्या काचेचा एक भाग कापून आम्ही कूलरची खिडकी केली, समोरच्या भिंतीतला झरोका उघडला, पश्चिमेला पुन्हा छपरी उतरवली. पैसे घेतले नाहीत; घ्यायला तोंड नव्हतं.

वाचकहो, येत्या मे महिन्यात आपल्या हातची तीन घरं निवडा. कळवून जा, दुपारी तीनलाच जा आणि अर्धा तास बसा. कूलर कुठे ठेवलाय, ते बघा. त्यानंतरच्या नकाशावर पहिली खूण त्याच जागेची करा.