भागधारक हा कशाचा धनी?

डीमॅट खात्यांची संख्या २०२२ च्या ऑगस्टमध्ये दहा कोटींच्या पलीकडे गेली, आणि त्यानंतरही ती वाढतच राहिली. एके काळी समभागांची उलाढाल हा दलाल स्ट्रीटवरील मूठभर पेढीवाल्यांचा उद्योग समजला जाई. मध्यमवर्गीय गृहस्थ आपली पुंजी पोस्टात, बँकेत किंवा सोन्यात ठेवून स्वस्थ असे. आज त्याचा नातू लोकलमध्ये उभ्या उभ्या कंपन्यांचा ‘मालक’ होतो. या स्थित्यंतराला नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु आपण नेमके काय विकत घेतले, हे या नव्या मालकांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

या प्रश्नाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच करून ठेवला आहे. मुंबईच्या एका भागधारक बाईंना चहाच्या कंपन्यांकडून लाभांश मिळाला होता. कंपनीच्या उत्पन्नापैकी ६० टक्के शेतीचे म्हणून प्राप्तिकरातून मुक्त, तर मग आमच्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा मुक्त का नसावा, असा त्यांचा सवाल होता. युक्तिवाद वरकरणी बिनतोड! न्यायालयाने तो फेटाळला. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे; मळे तिचे, भागधारकाचे नव्हेत. भागधारकाला नफ्यात वाटा मिळतो, तोही लाभांश जाहीर झाला तर. आणि कंपनी मोडीत निघाल्यास सर्वांची देणी भागून जे उरेल त्यातला हिस्सा. उद्या एखादा भागधारक चहाच्या मळ्यात शिरून पाने खुडू लागला, तर पहारेकरी त्याला मुजरा करणार नाही, बाहेरची वाट दाखवील.

मग त्याच्या हाती राहते काय? एक तर संरक्षण. भागाची पूर्ण रक्कम भरलेली असली, तर कंपनी बुडाल्यावर तिचे सावकार त्याच्या घरादारावर जप्ती आणू शकत नाहीत. दुसरे, आणि अधिक मोलाचे, म्हणजे मत. एकट्याचे मत क्षुल्लक, हे खरे. पण मतदानाचा अधिकार असलेल्या भांडवलाचा एक-दशांश हिस्सा बाळगणारे एकत्र आले, तर संचालकांना खास सभा बोलवावी लागते. २००८ च्या डिसेंबरात सत्यम कंपनीच्या संचालकांनी अध्यक्षांच्या कुटुंबीयांशी संबंधित दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरविले. गुंतवणूकदार असे खवळले की तो बेत काही तासांतच गुंडाळावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच कबुली दिली, की वह्यांतील खोटी मालमत्ता खऱ्या मालमत्तेने भरून काढण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता!

वायदे आणि ऑप्शन घेणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. ना मत, ना लाभांश. ‘सेबी’च्या २०२४ च्या पाहणीनुसार मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत या बाजारातील ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, आणि तोट्याचा आकडा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. कापसाच्या तेजीत बॅकबेच्या भागांमागे धावून १८६५ साली धुळीस मिळालेल्या मुंबईला हे दृश्य अपरिचित नाही.

मार्चअखेर हिशेब मिटविणाऱ्या कंपन्यांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. सभेची नोटीस ई-मेलने येते, सूचीबद्ध कंपनीत मत घरबसल्या देता येते. आणि संचालकांची नेमणूक, त्यांचे वेतन व आप्तेष्टांच्या कंपन्यांशी होणारे व्यवहार यांचे ठराव त्याच नोटिशीच्या मागल्या पानांत असतात.