घाटातला सांधा आणि प्रोग्रामातली चूक

कल्याणजवळच्या मोहन्याला टेकून जाणारा आंबिवलीचा लोहमार्ग पुढे कसाऱ्याला पोहोचतो आणि तिथून थळ घाट चढतो. 1865 साली खुल्या झालेल्या या घाटात 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. तो उतरणारी गाडी बेकाबू झाली तर काय, या प्रश्नाचे उत्तर रेल्वेने कोणा बाहेरच्या पहारेकऱ्यावर सोपवले नाही, रुळांतच घडवून ठेवले. मुख्य मार्गातून चढावर नेणारा एक आडमार्ग फुटतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडी ठरल्या जागी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचे सिद्ध झाले तरच सांधा मुख्य मार्गाला लागतो, एरवी तो आडमार्गाकडेच असतो. जुन्या सिग्नलचा हातही असाच होता. तार तुटली की तो आपल्याच भाराने आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत येई. यंत्र बिघडले तरी त्याने कोणत्या बाजूला पडावे हे आधी ठरलेले होते, आणि तो निर्णय यंत्राच्या अंगातच होता.

टाटांची जलविद्युत 1915 पासून खोपोलीत निर्माण होत असतानाही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1929 मध्ये ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजगृह उभारले, तेही याच वृत्तीतून, असे आम्हाला वाटते. ते वीजगृह पुढे बंद झाले. पण आपले काय आणि विकतचे काय, हा प्रश्न बंद झाला नाही. मोहन्यातल्या एनआरसी या रेयॉन कारखान्याला 2009 मध्ये टाळे लागल्यानंतर मोठी झालेली तिथली मुले आज आंबिवलीला लोकल धरून ठाण्या-ऐरोलीच्या संगणक कंपन्यांत जातात, तिथे तोच प्रश्न त्यांच्यासमोर नव्या वेशात उभा राहतो: प्रोग्राममधील चुका भाषेच्या अंगभूत साधनांनी हाताळाव्यात, की त्यासाठी तिसऱ्या कंपनीची सेवा घ्यावी?

अंगभूत साधनांचा इतिहास लहान नाही. 1964 पासून आकार घेऊ लागलेल्या पीएल/वन भाषेत अपवादात्मक प्रसंगासाठी वेगळी सूचना लिहिण्याची सोय होती. 1970च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेने तिला शिस्त दिली, आणि आजचे ट्राय-कॅच त्याच परंपरेतले आहे. पण साधन हाताशी असणे आणि निर्णय घेतलेला असणे यांत फार अंतर आहे. 4 जून 1996 रोजी एरियन-5 हा युरोपचा अग्निबाण उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आत नष्ट झाला. एक मोठी संख्या 16 बिटांत रूपांतरित करताना त्यांत मावली नाही. अ‍ॅडा या भाषेत अपवाद हाताळण्याची उत्तम सोय असूनही ते रूपांतर मोकळे सोडले होते, आणि चूक झाल्यास संगणक थांबवावा हा नियम तसाच लागू झाला. मूळ आणि राखीव दोन्ही संगणकांत तोच प्रोग्राम असल्याने दोन्ही एकाच रीतीने बंद पडले. तो प्रोग्राम एरियन-4 साठी लिहिलेला होता आणि जुन्या यशाच्या भरवशावर नव्या अग्निबाणात आला होता.

2008 च्या सुमारास चुकांची खबर देणारी सेंट्रीसारखी बाह्य साधने आली, आणि त्यांनी खरी उणीव भरून काढली हे मान्य केलेच पाहिजे. नंदुरबारमधल्या एखाद्या मोबाइलवर अ‍ॅप बंद पडले तर त्या मोबाइलमधला लॉग पुण्याच्या प्रोग्रामरला कधीच दिसला नसता. एकच चूक हजारदा घडली की त्या हजार नोंदी एकत्र बांधून ती कोणत्या बदलानंतर सुरू झाली हे सांगणे, हे काम घरी उभारायचे तर महिने जातात. आमचा आक्षेप या सेवांना नाही. बातमी विकत घेता घेता निर्णयही विकत मिळाला, या समजुतीला आहे.

अशाच समजुतीची किंमत मुंबईने 12 ऑक्टोबर 2020 रोजी भरली. राज्याचे जाळे कोसळले तर मुंबईने स्वतःला वेगळे करून शहरातील संचांवर तगून राहावे, अशी ‘आयलंडिंग’ची योजना 1980च्या दशकापासून होती. पडघा-कळवा या 400 केव्ही वाहिन्यांवरील बिघाड वाढत गेले तेव्हा शहरातील निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती. त्यामुळे शहर स्वतःला वेगळे करून तगू शकले नाही, वीज गेली आणि लोकल जागीच थांबल्या. बेट कागदावर होते, पण त्याच्या आधाराची वीज बाहेरून येत होती.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2021 मध्ये, लॉग4जे या नोंदी लिहिणाऱ्या लोकप्रिय बाह्य घटकातच भगदाड सापडले. विशिष्ट मजकूर नोंदवताच तो परक्या संगणकावरून प्रोग्राम आणून चालवू शके. आणि 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने सुमारे 85 लाख संगणक ठप्प केले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दोन्ही वेळी पहारेकरीच घरात धोका घेऊन आला होता.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. व्यवहार अर्ध्यावर तुटला तर पैसे परत फिरवायचे की पुन्हा प्रयत्न करायचा, ग्राहकाला काय सांगायचे, कुठे थांबायचे, हे प्रोग्रामच्या स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या माणसांनीच लिहावे. बाहेरच्या सेवेकडे फक्त खबर जावी, तीही मोबाइल क्रमांक आणि खात्यांचा तपशील गाळून. मोहन्याच्या तरुण अभियंत्यांना एकच विनंती: नव्या सेवेचे वार्षिक शुल्क भरण्यापूर्वी चाचणीच्या यंत्रावर तिचा संपर्क तासभर तोडा, मुद्दाम एक चूक घडवा आणि तुमचा सांधा कोणत्या मार्गाला लागतो ते स्वतः पाहा.