अहवाल आणि उपचार यांच्यामधले दिवस

कर्करोगाचा अहवाल हाती पडतो तो दिवस आणि उपचार सुरू होतो तो दिवस, यांच्यामध्ये बहुधा दोन-तीन आठवडे जातात. तपासण्या, तारखा, कागदपत्रे यांत ते कसे निघून गेले हे घरच्यांना नंतर आठवतही नाही. मी तीस वर्षे परिचारिका म्हणून सेवा केली. अशा कितीतरी कुटुंबांना धीर दिला. तरीही माझ्याच थोरल्या बंधूंच्या बाबतीत मी पहिल्याच पायरीवर चुकले.

दादा एकाहत्तर वर्षांचे. साकोली तालुक्यात धानाची शेती, आणि खर्ऱ्याची सवय पन्नास वर्षांची. गालाच्या आतल्या बाजूस एक चट्टा उठला होता. दुखत नव्हता, म्हणून ‘रोवणी आटोपली की दाखवू’ असे ठरले. रोवणी आटोपली, मग कापणी आली. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाही, तर ती दंतवैद्याला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावी, हे मी गावोगाव सांगत आले होते. आमच्या घरात ते पोहोचले नाही. तपासणीसाठी तुकडा काढायची वेळ आली तेव्हा ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही समजूत पुढे आली आणि आणखी आठ दिवस गेले. त्या तपासणीने रोग पसरत नाही. उलट तिच्यावाचून रोग कोणता आहे हेच कळत नाही.

अहवाल आला, आणि पुतण्यांनी मला विचारले, “आत्या, बाबांना सांगायचं का?” मी म्हणाले, “आताच नको.” माझी चूक झाली ती इथे. दादांना सांगितले गेले की गालात गाठ आहे, नागपूरला दाखवून येऊ. नागपूरच्या ज्या रुग्णालयात आम्ही त्यांना नेले, त्याचे नाव राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. दादा सातवी शिकलेले. फलक त्यांनी वाचला. आमचे गुपित फाटकापर्यंतच टिकले. आत बाकावर बसल्यावर ते एवढेच म्हणाले, “काहून लपवलं वो बाई तुमी?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वृद्ध माणसाला धक्का सोसणार नाही, असे आपण म्हणतो. दादांनी त्या वर्षांत दोन दुष्काळ पाहिले होते, एक मुलगा गमावला होता. धक्का सोसत नव्हता तो आम्हाला. रुग्णाला सगळे एकाच दिवशी, सगळ्या आकड्यांसह सांगावे असे माझे म्हणणे नाही. किती ऐकायचे आहे, हे त्यालाच विचारावे, आणि तो जे विचारील त्याचे खोटे उत्तर देऊ नये. दादांनी दोनच गोष्टी विचारल्या : दुखेल किती, आणि नंतर बोलता येईल का. डॉक्टरांनी दोन्हींची सरळ उत्तरे दिली. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बोलणे कठीण जाईल आणि पुढे ते कितपत सुधारेल हे आत्ताच सांगता येणार नाही, हे त्यांना तिथेच कळले.

त्या उत्तरामुळे पुढचे दिवस वेगळे गेले. परत आल्यावर त्याच संध्याकाळी दादांनी दोन्ही मुलांना जवळ बसवले. कोणाकडून किती घेतले आहे, कोणाला धान द्यायचे आहे, कोणत्या बांधावरून शेजाऱ्याशी कोणता शब्द झाला आहे, हे सारे त्यांनी सांगितले. यातले कुठेही लिहिलेले नव्हते. बँकेत वारसाची नोंद नव्हती, तीही करून घेतली. वहिनींशी ते काय बोलले हे मला ठाऊक नाही. मात्र त्या रात्री बराच वेळ ओसरीवर दोघांचा आवाज येत होता. आम्ही गुपित पाळण्यात यशस्वी झालो असतो, तर हे सगळे बोलणे त्यांच्या गळ्यातच राहिले असते.

आता तयारीबद्दल. दात हा विषय फार घरांत दुर्लक्षित राहतो, म्हणून त्यावर जरा थांबते. तोंडाच्या किंवा गळ्याच्या भागाला किरणोपचार द्यायचे असतील, तर आधी दातांची तपासणी होते आणि किडलेले, हलणारे दात काढून टाकतात. दादा संतापले. “रोग गालाला, अन् दात काहून उपटता?” त्याचे कारण असे, की किरणांमुळे लाळ कमी होते, दात झपाट्याने किडतात आणि जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. अशा हाडावर नंतर दात काढला, तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कधी हाडच कुजू लागते. दात आधी काढले, की जखम भरायला साधारण दोन आठवडे मिळतात. म्हणूनच ‘दाताचे नंतर पाहू’ असे म्हणू नये. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांची माहिती मात्र न विचारताही द्यावी. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात; नावे आठवत बसण्यापेक्षा ते सोपे.

खर्रा सुटला तो असा. धाकट्या पुतण्याने स्वतःची पुडी चुलीत टाकली आणि म्हणाला, “बाबा, मीपण सोडतो.” त्यालाही चार वर्षांची सवय होती. रुग्णासमोर बसून खर्रा घोटणाऱ्या घरात रुग्णाने तो सोडावा, ही अपेक्षा मला नेहमीच निर्दयपणाची वाटत आली आहे.

भेटीला येणाऱ्यांचे काय करावे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. एकजण सांगे, शरद पवारांची २००४ साली निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, पुढे कृषिमंत्रिपद सांभाळत त्यांनी उपचार पुरे केले. तुम्हीही खडखडीत बरे व्हाल. दुसरा लगेच आर. आर. पाटलांचे नाव काढी, ते २०१५ साली याच रोगाने गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण रोग किती पसरला आहे, कुठे आहे आणि माणसाची ताकद किती, यावर सारे अवलंबून असते. दुसऱ्याच्या अहवालावरून आपले भविष्य वाचता येत नाही. शेवटी वहिनींनीच दुपारी दोन ते पाच दार लोटून घ्यायला सुरुवात केली.

किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात. साकोलीहून नागपूर जवळजवळ शंभर किलोमीटर. रोज जाऊन-येऊन हे होत नाही. आम्ही नागपुरात एक खोली घेतली आणि पाळ्या लावल्या, कोणीही सलग दहा दिवसांहून अधिक राहायचे नाही. वहिनींनी हे मानले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांना चक्कर आली, तेव्हा कळले की दादांना गिळता येत नाही म्हणून त्याही जेवत नव्हत्या. सोबत राहणाऱ्याचे ताट कोणी तरी पाहिलेच पाहिजे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; तिच्यात संलग्न रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन, दाखल होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत असते. तिचा नमुना रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो.

आहाराचे एकच सांगते. तोंड सोलल्यासारखे झाले, की तिखट, आंबट, कडक काहीच चालत नाही. आमच्याकडे तांदळाची पातळ पेज, मुगाचे वरण, दही, अर्धवट उकडलेले नव्हे तर पूर्ण शिजवून घोटलेले अंडे आणि शेंगदाण्याचे दूध यांवर दिवस काढले. तेही जाईना, तेव्हा नाकातून नळी घातली. ‘नळी घातली म्हणजे संपले’ असे म्हणून मोठा पुतण्या बाहेर जाऊन रडला. नळी वजन टिकवण्यासाठी असते, आणि पुढे ती काढतात. दादांची अडीच महिन्यांनी निघाली. केमोथेरपी सुरू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

दादांचे बोलणे अजून जड आहे. अनोळखी माणसाला कळत नाही, नातवाला कळते. जबडा आखडू नये म्हणून रोज दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. सुरुवातीला नऊ काड्या जात. गेल्या रविवारी मी गेले, तेव्हा नातू मोजत होता आणि सोळावी काडी बसली होती.