‘आता धंदाच राहिला नाही’ हे वाक्य आपल्याला किती महागात पडतं?



चिपळूणच्या बाजारात आमचं चपलांचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं आणि दुकानातला जवळजवळ सगळा माल गेला. त्या नुकसानीचा हिशोब मी वहीत लिहून ठेवलाय. पण त्यानंतर वर्षभर दुकानात आम्ही जे बोलत होतो, त्याने जे नुकसान झालं ते कुठल्याच वहीत नाही. आज त्याबद्दल बोलायचंय.

अब्बा दिवसातून दहा वेळा म्हणायचे, “आदल्या रात्री माल हलवला असता तर...” मी प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगायचो, “आता या धंद्यात काही राहिलं नाही.” आणि कामावरचा पोरगा बिलात चुकला की सगळ्या गिऱ्हाईकांसमोर, “डोक्यात भुसा भरलाय का? तुला आयुष्यात जमणार नाही!” बीबीए केलेला माणूस मी. पुस्तकातलं स्वॉट ॲनालिसिस पाठ होतं, जिभेवर मात्र ताबा नव्हता.

पुढे काय झालं बघा. धंदा नाही असं रोज बोलून बोलून मलाच ते पटलं. जूनमध्ये शाळेच्या सीझनला मी निम्माच माल भरला. आया पोरांना घेऊन यायच्या, चार नंबर मागायच्या, आमच्याकडे तीन आणि सहा. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं आणि मी म्हणायचो, “बघा, मी म्हटलं नव्हतं? धंदाच नाही!”

आपल्याकडे म्हण आहेच, शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. माझं अगदी तसंच झालं होतं.

काही ट्रेनर सांगतात की चांगलं बोला, विश्व तुम्हाला देईल. मला हे पटत नाही. शब्द म्हणजे जादू नाही. रिझ्क अल्लाहच्या हातात आहे, माझ्या वाक्यात नाही. इस्लाममध्ये अपशकुन मानायलाही मनाई आहे. पण त्याच शिकवणीत चांगला शब्द प्रेषितांना (स.) आवडायचा, आणि चांगलं बोलणं हासुद्धा सदका आहे. का? मला समजलं ते असं: शब्दाने नशीब बदलत नाही, पण माझं पुढचं पाऊल बदलतं. ‘धंदा नाही’ म्हटलं की हात ऑर्डर बुकाकडे जातच नाही.

सहीह मुस्लिममधल्या दोन हदीस मला तेव्हा नीट कळल्या. एकीचा आशय असा की लोक बरबाद झाले असं जो म्हणत फिरतो, तोच त्यांच्यात जास्त बरबाद असतो. दुसरीत सांगितलंय की फायद्याच्या गोष्टीसाठी झटा, अल्लाहची मदत मागा, हातपाय गाळू नका; आणि संकट आलंच तर ‘असं केलं असतं तर’ म्हणत बसू नका, कारण त्या ‘तर’मुळे सैतानाला दार उघडं मिळतं. अब्बांना मी ही हदीस सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चल, या पावसाळ्यात माल कुठे हलवायचा ते ठरवू.” तोच अनुभव, पण ‘तर’ गेला आणि काम आलं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तोटा लपवायचा का? अजिबात नाही. मालातला दोष लपवणं तर इस्लाममध्ये फसवणूकच आहे. खरं बोलायचंच, पण नेमकं बोलायचं. “धंदा नाही” हे खरं नाही. “आज अकरापर्यंत पाच गिऱ्हाईकं आली, दोघांना साईज मिळाली नाही” हे खरं. पहिल्यावर फक्त रडता येतं, दुसऱ्यावर फोन करून माल मागवता येतो.

आणि तो पोरगा? त्याने आधी बिलबुकाला हात लावणं बंद केलं, मग कामच सोडलं. आज तो दुसऱ्या दुकानात काउंटर सांभाळतो, बिलं तोच करतो. सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची थट्टा करायला, वाईट नावं ठेवायला मनाई आहे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षं प्रेषितांची (स.) सेवा केली, त्या काळात त्यांना एकदाही ‘उफ्’ ऐकावं लागलं नाही. मी एका वर्षात किती ऐकवलं! ईदला त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या भाई, पण अजून प्रत्येक बिल मी दोनदा तपासतो.” मला पुढे बोलायला सुचलं नाही.

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, सात दिवस एवढं करा. गल्ल्याजवळ एक छोटी वही ठेवा. ‘नाही’, ‘जमणार नाही’, ‘असं केलं असतं तर’ तोंडातून निघालं की एक रेघ मारा. त्याच्यापुढे तेच वाक्य नेमकं करून लिहा. माणसाला ओरडण्याआधी चूक कुठली ते बोला: “तू असाच आहेस” नाही, “या बिलात जीएसटी राहिला, परत कर.” आणि चांगलं सुचतच नसेल तर गप्प बसा. चांगलं बोला किंवा शांत राहा, हीच तर शिकवण आहे.

माझ्या वहीत पहिल्या दिवशी एकतीस रेघा होत्या. तुमच्या किती झाल्या, ते मला नक्की कळवा.