सुट्टीत वसतिगृहाला कुलूप कशाला?

सेमिस्टर संपले की ऑनर्सवाल्यांसाठी इंटर्नशिप, कार्यशाळांच्या सूचना फलकावर लागतात. कित्येक बिनपगारी, त्याही पुण्या-मुंबईत. आमची पोरं तेव्हा वसतिगृह रिकामे करून गवंड्याच्या हाताखाली जातात. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायला पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के हवेत. याला म्हणे गुणवत्ता! पाटी वाहून आलेल्या हातांनी ते कधी मिळवायचे?

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये वसतिगृह काढले, ते याच सोलापुरात. विद्यार्थ्याला आधी छप्पर लागते, हे सभेला तेव्हाच कळले होते. आम्ही विद्यापीठाकडे भीक मागत नाही. सुट्टीत वसतिगृह आणि मेस चालू ठेवा, इंटर्नशिपला विद्यावेतन द्या, निवडयाद्या प्रवर्गनिहाय जाहीर करा.

जय भीम!