माकडं मरण्याची वाट कशाला पाहायची?

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कोलंबियाच्या जंगलात काम करणाऱ्या डॉ. होर्हे बोशेल यांना एक गोष्ट दिसली. झाड तोडून आडवं केलं, की शेंड्याकडचे निळसर, चकचकीत डास लाकूडतोड्यांभोवती घोंगावू लागत. हेमागोगस प्रजातीचे हे डास झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढतात, उंचावर माकडांना चावतात आणि त्यांच्यातला पीतज्वराचा विषाणू माणसापर्यंत आणतात.

ब्राझीलमध्ये २०१६च्या अखेरीस याच डासांमुळे मोठी साथ पसरली. ऑक्टोबर २०१७ मध्ये साओ पावलो शहराच्या सीमेवरच्या वनउद्यानात हाउलर माकड मेलेलं सापडलं आणि उद्यान बंद करावं लागलं. पुढे लस पुरेना, म्हणून अनेकांना नेहमीच्या मात्रेचा पाचवा हिस्साच टोचला गेला. घाबरलेल्या लोकांनी माकडंही मारली. खरं तर माकडं माणसाला थेट रोग देत नव्हती, त्याला बळी पडत होती.

मेलेलं माकड ही सूचना खरी, पण उशिराची. डासांतला विषाणू शोधणं म्हणूनच महत्त्वाचं. लस घेतलेले कर्मचारी झाडांवर बांधलेल्या मचाणांवर बसून डास पकडतात. ते अतिथंड ठेवावे लागतात, नाहीतर विषाणूचा आरएनए नासतो. थंड टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखून, एका जातीच्या, एका ठिकाणच्या डासांचे गट करतात आणि कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली आरटी-पीसीआर चाचणी करतात. बहुतेक गटांत काहीच सापडत नाही. साथ ओसरली, की अशाच कामाच्या पैशाला कात्री लागते आणि हे चूक आहे. वर्षानुवर्षांच्या त्या रिकाम्या नोंदी हाताशी असल्या, तरच विषाणू नव्याने कुठे आला ते कळतं.

भारतात पीतज्वर नाही, तो पसरवू शकणारा एडिस इजिप्ती डास मात्र मुबलक आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पहिला संशय पीतज्वराचाच होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने गोचिडांतून पसरणारा वेगळाच विषाणू, माकडतापाचा, शोधला. पुढे साठच्या दशकात बोशेल त्याच केंद्रात याच रोगावर काम करत होते.

तो माकडताप आज गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचला आहे. तिथल्या गोचिडांची तपासणी बारमाही हवी. काजूच्या हंगामात माणसं रानात शिरण्याआधी तिचे अहवाल गावच्या आरोग्य केंद्रात पोचायला हवेत.