उपग्रह विद्यार्थ्यांचा; आपला विद्यार्थी कुठे?

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ३४ ने एकाच उड्डाणात वीस उपग्रह नेले. त्यातला किलोभर वजनाचा 'स्वयम्' पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवला होता. जुनी तुकडी पदवी घेऊन गेली की नव्या तुकडीने काम पुढे न्यायचे, असे ते अनेक वर्षे चालले. या मुलामुलींचे कौतुक झालेच पाहिजे.

पण अशा संशोधनाला लागणारा वेळ कोणाला परवडतो? हे काम तासांनंतर, सुट्टीत, रात्री जागून होते. ज्याची शिष्यवृत्ती वर्ष संपले तरी जमा होत नाही, जो मेसच्या पैशासाठी संध्याकाळी शिकवण्या घेतो, तो प्रयोगशाळेत थांबणार कसा? मग पारितोषिकांच्या यादीत त्याचे नाव नसते आणि लगेच 'गुणवत्ता' नावाचे जुने हत्यार बाहेर निघते!

बाबासाहेबांनी हे १९४२ सालीच ओळखले होते. व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी बजावले की, कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात.

शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी यासाठी सरकारशी लढावे लागेलच. पण आज समाजात अभियंत्यांची अख्खी पिढी उभी आहे. त्यांनी जयंतीच्या वर्गणीइतकी रक्कम आणि रविवारचे दोन तास एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला द्यावेत. 'शिका' हा आदेश पदवीपाशी संपत नाही.